सातवी खुर्ची

खुर्चीकाका कुणाच्या घरी गेले, की आधी माणसांकडे बघत नाहीत, खुर्चीकडे बघतात. बसण्यापूर्वी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला हलकेच डुलवतात, कान जरा तिरका करतात, आणि मग यजमानांना गंभीरपणे सांगतात की मागचा डावा पाय फार तर उन्हाळ्यापर्यंत टिकेल. मुलाचं लग्न ठरवायला व्याह्यांकडे पहिल्यांदा गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. व्याह्यांना वाटलं, हा माणूस आपली ऐपत तपासतोय. तेव्हापासून दोघांचं एकमेकांवर जे प्रेम जडलं, ते आजतागायत एकमेकांचे दोष काढण्यातूनच व्यक्त होत आलं आहे.

काकांनी लाकडी सामानाच्या एका कारखान्यात एकेचाळीस वर्षं काढली, आणि तीही फक्त खुर्च्या दुरुस्त करण्यात. टेबल, कपाट, पलंग यांना ते हात लावत नसत असं नाही, पण लावताना चेहरा असा करत की शेजारच्याने वाडगं धुवायला सांगितलंय. त्यांच्या मते कपाट म्हणजे उभं केलेलं खोकं आणि टेबल म्हणजे पाय फुटलेली फळी. खुर्चीवर मात्र माणूस सगळा भार टाकतो, मागे रेलतो, पुढे झुकतो, हसताना गदगदा हलतो, आणि तरी ती बिचारी हूं की चूं करत नाही. निवृत्त झाल्यावर हाताने फिरवायचं एक गिरमिट, दोन पटाशा आणि लाकूड दाबून धरणारे आठ क्लॅम्प एवढी जायदाद घेऊन काका घरी आले. वाचनालयाच्या मोडक्या खुर्च्या ते हौसेने घरी आणून नीट करून देऊ लागले.

घराच्या मागे छोटी बाग होती आणि तिच्याबद्दल नवराबायकोत एक अलिखित करार होता. झाड जिवंत असेपर्यंत काकूंचं, मेलं की काकांचं. काकांना बागेत मज्जाव नव्हता, पण तिथे त्यांची नजर चांगली समजली जात नसे. एकदा लिंबाच्या झाडापाशी उभं राहून ते सहज म्हणाले होते की याचे खुर्चीला दोन हात सुरेख निघतील. त्या वर्षी झाडाला एक लिंबू धरलं नाही. त्याचं खापर काकूंनी काकांच्या डोक्यावरून अजून उतरवलेलं नाही.

बागेचा मानकरी होता स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचा पेरू. झाड साधंच, पांढऱ्या पेरूचं. पण त्याची एक जाड, आडवी फांदी लाल पेरूची होती. काकूंच्या आईच्या अंगणात लाल पेरूचं झाड होतं. एकोणीस वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचं ठरलं आणि ते झाड पडणार हे कळताच काकू पहिल्या बसने निघाल्या, ओल्या पंच्यात गुंडाळून मूठभर काड्या घेऊन आल्या आणि त्यांनी एका काडीचं या झाडावर कलम बांधलं. ते लागलं. पुढे त्याच फांदीच्या काड्या त्यांनी आणखी पाच ठिकाणी बांधून पाहिल्या. एकही जगली नाही. त्यामुळे आईच्या झाडाचं या जगात जे काही उरलं होतं, ते त्या एका फांदीवर होतं. तिचे पेरू कापले की आतून लाजल्यासारखे निघत. काकू ते माणूस बघून वाटत. व्याह्यांना वर्षाला दोन मिळत, आणि ते त्यांच्या वागणुकीला धरूनच होतं.

तर त्या सकाळी काकांपुढे प्रश्न होता तो वाचनालयाच्या खुर्च्यांचा. दुरुस्ती झाली होती, व्हार्निश मारून झालं होतं, आता त्या वाळायला हव्या होत्या. कारखान्यात ओल्या व्हार्निशची खुर्ची जमिनीवर ठेवत नसत. छताच्या आडव्या तुळईला आकड्याने टांगत, म्हणजे पाय चिकटत नाहीत. घरात अशी तुळई नव्हती. दिवाणखान्यातल्या पंख्याच्या हुकाकडे काकांनी एकदा नुसतं पाहिलं होतं, तर सूनबाई म्हणाली होती, "बाबा, तो विचारसुद्धा नको." मग त्यांची नजर पेरूच्या फांदीवर गेली. आडवी, भक्कम, सावलीतली, वारा खेळता. लाकूड ते लाकूड, असं मनाशी म्हणत त्यांनी पहिली खुर्ची टांगली.

सहा खुर्च्या लागल्या. काकांनी मागे सरून जाणकाराच्या नजरेने पाहिलं. फांदी जराशी झुकली होती, पण सहा खुर्च्यांना एवढं झुकणं शोभून दिसत होतं. त्या फांदीवर आधीच शेदीडशे हिरवे पेरू लगडले आहेत, ही गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नाही, कारण तुळईला फळं लागत नाहीत. त्यांनी सातवी खुर्ची टांगली.

खुर्ची मोडताना होणारा आवाज काकांना तोंडपाठ होता. हा तो नव्हता. कुणीतरी जाडं, ओलं कापड सावकाश फाडावं तसा आवाज झाला, फांदी बुंध्यापाशी उलगडली आणि खाली आली. खुर्च्या अलगद जमिनीवर टेकल्या. त्यातल्या चार तर सरळ पायांवर उभ्या राहिल्या, जणू सभा भरली आहे आणि फक्त वक्ता यायचा आहे.

काकू बाहेर आल्या. दूध उतू गेलं तरी त्यावर दहा मिनिटं बोलणारी ही बाई. त्यांनी फाटलेल्या जागेवर तळवा ठेवला. हातभर लांबीची चीर होती, आत ओलं पांढरं लाकूड दिसत होतं, आणि फांदी खालच्या बाजूच्या चारपाच बोटं सालीलाकडाला लटकून होती. काकू तशाच आत गेल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. चौतीस वर्षांच्या संसारात ती खिडकी काकांनी कधी बंद पाहिली नव्हती.

सूनबाईने चांगल्या मनाने वडिलांना फोन केला. ते व्याही. वीज कार्यालयात तारांच्या विभागात त्यांनी तीस वर्षं काढली होती, आणि त्यातली निम्मी तारेला लागणाऱ्या फांद्या छाटण्यात गेली होती. त्यांच्या लेखी झाड म्हणजे तारेला लागण्याच्या बेतात असलेली वस्तू. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना यंत्राची करवत भेट दिली होती आणि ती दोन वर्षं उपाशी होती. व्याह्यांनी फोनवरच निकाल दिला: असल्या फांद्या जगत नाहीत, उलट झाडाला सडवतात. रविवारी सकाळी येतो, बुंध्यापासून साफ उडवतो, दहा मिनिटांचं काम आहे. तो दिवस गुरुवार होता.

काका मात्र कामाला लागले होते. दोन स्टुलं एकावर एक ठेवून त्यांनी फांदीला आधार दिला, आणि मग जे आयुष्यभर केलं तेच केलं. मोडलेल्या लाकडाचा पहिला नियम असा, की ओल्याला सरस धरत नाही. आधी सांधा खडखडीत वाळवायचा. त्यांनी घरातून लांब वायर ओढली, तिसऱ्या स्टुलावर टेबलफॅन ठेवला, त्याचं तोंड चिरेकडे केलं आणि तो तीन नंबरवर लावला. मग पॉलिशपेपर हातात घेऊन शेजारी बसले. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे.

दुपारी खिडकी उघडली. मग मागचं दार उघडलं. काकू आल्या आणि पंख्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, हा वारा कुणाला घालताय?"

"चिरेला. उद्या संध्याकाळपर्यंत वाळली की पॉलिशपेपर मारतो, सरस भरतो आणि दाबून टाकतो. होती तशी करून देतो तुला."

काकूंनी वाकून पंखा बंद केला. "तुमच्याकडे लाकूड येतं ते मेल्यावर येतं. हे अजून मेलेलं नाही. वाळलं की मरेल."

काकांनी पॉलिशपेपर पाठीमागे लपवला. एकेचाळीस वर्षांच्या विद्येच्या पायाखालून कुणी चटई ओढल्यासारखं त्यांना झालं. तरी त्यांनी विचारलं, मग ओल्याला ओलं चिकटणार कसं?

"चिकटवायचं नाहीच. सालीखाली हिरवा पापुद्रा असतो. त्या हिरव्याला हिरवं भेटवायचं, हलू द्यायचं नाही, ओल जाऊ द्यायची नाही. पुढचं ते आपलं आपण बघतं. मी तेव्हा तेच केलं होतं. पण ती काडी होती, ही फांदी आहे. माझ्या एकटीच्याने उचलायची नाही. तुम्हाला धरता येईल का, तेवढं सांगा."

काका उभे राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी असा सरळ प्रश्न विचारला नव्हता. लोक विचारत ते गुडघे कसे आहेत, वेळ जातो का.

"किती वेळ धरायची?"

"वर्षभर तरी."

"धरतो," काका म्हणाले.

मग त्या बागेत जे काम झालं, ते कारखान्यातल्या कुणी पाहिलं असतं तर काकांना वेड लागलं असं समजून रजेवर पाठवलं असतं. ज्या माणसाने जन्मभर लाकडाला पाण्यापासून जपलं, तो चिरेवर तांब्याने पाणी शिंपत होता. काकूंनी गोणपाट भिजवून फाटलेल्या जागेवर पांघरलं आणि कात्री घेऊन फांदी हलकी करायला घेतली. हिरवे पेरू एकेक करून उतरले, शेंड्याकडच्या डहाळ्या गेल्या. प्रत्येक डहाळी कापताना त्या ओठ असे मिटून घेत की कात्री आपल्याच बोटांवर चालली आहे. पण हात थांबला नाही. वजन कमी केलं नाही तर सांधा टिकणार नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

फांदी वर उचलायला सूनबाईने आपल्या मोटारीतला जॅक आणला. वडिलांना फोन केल्याचं तिला आता फार वाटत होतं, आणि पश्चात्तापाने माणूस जॅक उत्तम फिरवतो. काकांनी चिरेला कान लावला. एरवी खुर्चीचं दुखणं ऐकणारा तो कान. ती पाव फेरा फिरवी, ते म्हणत, "थांब." आत एखादा तंतू कुरकुरला की ते थांबवत, तो निवला की पुढे जाऊ देत. चीर वीतभर उघडी होती, ती बोटभर झाली, मग आगपेटीच्या काडीएवढी, मग दोऱ्याएवढी. मध्ये एक तुटकं कुसळ आडवं येत होतं. काकांचा हात आपसूक पॉलिशपेपरकडे गेला. काकूंनी नुसतं "अंहं" म्हटलं. मग काकांनी ते कुसळ बोटाने जिथून निघालं होतं तिथेच परत बसवलं. जसं फाटलं तसंच मिटलं पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आलं. आणि खरं सांगायचं तर इतका नेमका सांधा त्यांनी पटाशीने जन्मात कधी पाडला नव्हता. चिरेतून रसाची एक बारीक रेघ बाहेर आली आणि चीर मिटली.

त्यांनी जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे सालीवर ठेवून त्यावर चार क्लॅम्प आवळले. मग गिरमिट घेतलं. फांदीच्या आरपार दोन भोकं पाडायची, त्यातून आट्यांचे दोन लोखंडी गज घालायचे आणि दोन्ही टोकांना चकत्या ठेवून नट आवळायचे, असा बेत होता. गज अडगळीतल्या मोडक्या पलंगाचे मिळाले. पलंगाबद्दल काकांना आयुष्यात पहिल्यांदा आदर वाटला. गिरमिट फिरू लागलं तसा ओला, पांढरा, वळवळता भुसा निघाला आणि त्याला पेरूचा वास होता. काका मध्येच थांबले. भुशाला वास असतो, पण तो जुन्या घराचा, धुळीचा, सरसाचा. जिवंत लाकडाचा वास त्यांनी इतक्या जवळून कधी घेतलाच नव्हता. दर चार फेऱ्यांनी गिरमिट ओल्या भुशाने अडत होतं आणि दर चार फेऱ्यांनी काका ते पुसून, शिव्या न देता, पुन्हा लावत होते. दिवेलागणीच्या आत दोन्ही गज आवळून झाले. आणखी अर्धा आटा पिळायचा मोह त्यांना होत होता, पण काकू म्हणाल्या, "पुरे. साल चेपतेय." आणि काकांनी पाना खाली ठेवला. कारखान्यात मुकादमाचंही त्यांनी कधी इतक्या चटकन ऐकलं नव्हतं.

शुक्रवार आणि शनिवार काकांनी टेकू करण्यात घालवले. काकूंनी सांगितलं होतं, एक दांडकं लावा. पण खुर्चीकाकांच्या हातून नुसतं दांडकं निघणं कठीण. टेकूला मागे किंचित कललेले तीन पाय झाले, पायांना आडवे गज झाले, वर फांदी विसावायला अर्धगोल पाठ झाली, पाठीवर फोम आला, फोमवर तपकिरी रेक्झीन आलं आणि रेक्झीनला पितळी खिळे. सूनबाई बघतच राहिली. म्हणाली, "बाबा, ही तर खुर्चीच झाली."

"बसणाऱ्याचं माप घेऊन करावी लागते," काका म्हणाले.

रविवारी व्याही आले. कपाळावर संरक्षक चष्मा, हातमोजे, आणि कापडी पिशवीतून तोंड काढणारी करवत. फांदी जागेवर पाहून त्यांचा चेहरा असा पडला की जेवायला बोलावून कुणी नुसतं पाणी पुढे केलंय. मग त्यांनी तपासणी सुरू केली. लोखंड आतून सडवेल. पहिल्या वादळात हे सगळं डोक्यावर येईल. टेकूचं रेक्झीन उन्हात फाटेल. काका प्रत्येक मुद्द्याला तोंडभर उत्तर देत होते. पण शेवटी व्याह्यांनी एक पान बोटाने उचललं आणि सोडलं. ते मान टाकल्यासारखं लोंबलं. फांदीची सगळी पानं तशीच होती.

"हे बघा. मी तुमच्या वाइटावर नाही. पण ही गेलेली आहे, व्याही. पानं गळाली की फोन करा."

पिशवीचं तोंड बांधून ते गेले. या वेळी ते खरंच बोलले होते, हे काकांना कळलं, आणि म्हणूनच त्यांनी हाय खाल्ली.

पानं गळू लागली. पहिल्या आठवड्यात निम्मी गेली, दुसऱ्यात उरलेली. काका सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजवत, पाणी घालत, नट हातानेच चाचपून बघत. जेवताना दोन घासांनंतर उठून खिडकीशी जात. व्याह्यांचा रोज फोन येई, "किती राहिली?" आणि काका एकदा चार सांगत, एकदा दोन, एकदा म्हणाले की रेंज नाही. काकू शेवटचं पान गळाल्यावरही स्वस्थ होत्या. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठताना अंगावरचे दागिने काढून ठेवले आहेत तिने, एवढंच त्या म्हणाल्या. पण रोज पहाटे आधी त्याच जाऊन फांदी बघून येत, हे काकांना ठाऊक होतं, कारण ओल्या गवतात चपलांचे ठसे असत.

पंचविसाव्या दिवशी सकाळी काका चष्म्याशिवाय चहा पीत बसले होते. काकू आल्या, त्यांनी काकांचा हात धरून त्यांना बागेत नेलं आणि त्यांचं बोट फांदीच्या एका पेराशी टेकवलं. काहीतरी टोचलं. मुगाच्या दाण्याएवढं, कठीण, तरतरीत.

"अजून आहेत," काकू म्हणाल्या, "पुढे सात."

काकांनी सातही बोटाने मोजले. मग आत जाऊन त्यांनी स्वतः व्याह्यांना फोन लावला आणि पलीकडून "किती राहिली?" येण्याआधीच सांगितलं, "आठ आली." त्या दिवशी काकू सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत अखंड बोलत होत्या. खुर्च्या झाडाला टांगणाऱ्या माणसांबद्दल गेल्या पंचवीस दिवसांत साठलेलं सगळं त्यांनी एका बैठकीत बाहेर काढलं. काका ऐकत होते आणि त्यांना जगात याहून गोड आवाज आठवत नव्हता.

फांदीने वर्षभरात सगळं भरून काढलं. चिरेच्या दोन्ही कडांना सालीची जाड वळी आली, गजाच्या चकत्या तिने सालीत अर्ध्या गिळून टाकल्या. फुलं आली, मोजके पेरू धरले. पहिला पिकलेला काकूंनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून कापला तेव्हा सगळं घर सुरीकडे बघत होतं. आतून तो लालबुंद निघाला. काकूंनी अर्धी फोड काकांच्या हातावर ठेवली आणि उरलेली अर्धी स्वतः उभ्या उभ्या, बियांसकट खाल्ली.

आणि मग टेकू काढायचा दिवस ठरला. फांदीवर अजून पंधरावीस पेरू होते. ते उतरवून मग टेकू काढू, असं सूनबाईने सुचवलं. काकांनी नकार दिला. रिकामी खुर्ची कुणीही उभी करेल, माणूस बसल्यावर टिकते ती खरी, असं त्यांचं म्हणणं पडलं. व्याही अर्थातच आले होते. ते फांदीपासून लांब, सुरक्षित जागी उभे राहिले आणि कुठल्या बाजूला पडेल ते सर्वांना समजावून सांगू लागले.

काकांनी टेकूच्या पायांखालच्या पाचरी एकेक करून काढल्या. टेकू ढिला झाला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. काकांनी टेकू बाजूला ओढला.

फांदी खाली आली. दोन बोटं. थांबली. वर-खाली एकदा झुलली, पेरू हलले आणि स्थिर झाले. काकांनी सांध्याला कान लावला. बराच वेळ लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

"बसली," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा फाटला होता, पण तो सांधायची कुणाला घाई नव्हती. काकू हसत होत्या आणि पदराने फांदीवरची धूळ पुसत होत्या, जिथे धूळ अजिबात नव्हती. सूनबाईने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांचं लक्ष व्याह्यांकडे गेलं. ते कधी पुढे आले कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फांदीच्या बरोबर खाली, दोन्ही हात वर करून, तळवे उघडे ठेवून ते उभे होते आणि अजून तसेच होते. ती पडलीच असती, तर त्यांच्या हातात पडली असती.

"खाली घ्या हात, व्याही," काका म्हणाले. "उभी आहे ती."

व्याह्यांनी हात खाली घेतले, पँटला पुसले आणि फांदीची वाकून, वळून नीट पाहणी केली. चकत्या जरा मोठ्या घ्यायला हव्या होत्या, म्हणाले. मग टेकूकडे गेले. त्याच्या रेक्झीनच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तो हलकेच डुलवून पाहिला.

"हा आता तुम्हाला लागणार नाही," ते दुसरीकडेच बघत म्हणाले. "माझ्या दारचा चिक्कू आहे ना, त्याची एक फांदी फार झुकलीय. करवत घेऊन दोनदा उभा राहिलो. झालं नाही माझ्याच्याने."

काकांनी टेकू त्यांच्या हातातून काढून घेतला. "हा या फांदीच्या मापाचा आहे. तिथे नाही बसायचा." आणि गिरमिट काखेत मारून ते फाटकाकडे चालूही लागले. "चला, आधी माप घेऊ."